जागेवाल्याला गाऱ्हाणं

नाव सुगंधा, आणि लग्न होऊन आली ती घाटकोपरच्या डंपिंगला खेटून असलेल्या चाळीत! यावर चाळीत हसून झालं होतं, खोकूनही झालं होतं. पंधरा वर्षं तिने कचऱ्याचा धूर गिळला. मग डंपिंग बंद झालं, वर लाल माती पडली आणि तिथे बाग होणार म्हटल्यावर ती हरखली. नकाशात चाळीच्या बाजूच्या भिंतीत फाटकही होतं. पण पलीकडे सोसायट्या उभ्या राहिल्या, त्यांनी बागेची समिती केली आणि एका दुपारी ते फाटक विटांनी बुजवून टाकलं. म्हणे, तिकडची माणसं घाण करतील. ज्यांच्या दारात अख्ख्या उपनगराने घाण टाकली, ती माणसं घाण करणार! आता बागेत जायचं तर नाल्यावरून अर्ध्या तासाचा वळसा. सुगंधाच्या छातीला तेवढी चाल झेपत नव्हती. फाटक उघडा म्हणून तिने समितीला तीन अर्ज दिले. उत्तर एकाचंही आलं नाही.

तिचा नवरा गुणाजी गिरणीच्या संपात नोकरी घालवून त्याच बागेत रोजंदारीवर माळीकाम करत होता. त्याने लावलेली गुलमोहराची रोपं दोनदा करपली. खाली कचरा अजून कुजत होता, माती हाताला गरम लागायची. त्याने हे सांगितलंही. पण मजुरांनी वेगळंच पसरवलं: जागेवाला, म्हणजे त्या जमिनीचा राखणदार, रुसलाय. समितीचे अध्यक्ष श्यामकांत सामंत यावर चारचौघांत मोठ्याने हसले. मग गुणाजीला बाजूला घेऊन म्हणाले, "उद्घाटनाला एक नारळ ठेव रे. गाऱ्हाणं घाल. उगीच विषाची परीक्षा कशाला?" साहेब फाडफाड इंग्रजी बोलायचे, पण मूळचे कोकणातले, कुडाळचे.

उद्घाटन शहाऐंशीच्या डिसेंबरात, एका रविवारी सकाळी झालं. चाळीला आमंत्रण नव्हतं, म्हणून चाळ भिंतीपलीकडे उभी राहिली. सुगंधा तेवढी नारळ आणायच्या निमित्ताने, वाटेत तीनदा बसून दम खात, आत पोचली.

गुणाजीने नारळ मांडला, हात जोडले. "बा जागेवाल्या म्हाराजा..." एवढं म्हणाला आणि साहेबांकडे बघून अडकला. रोजंदारीचा माणूस. झाडं जगू देत, एवढंच मागून मोकळा झाला असता. सुगंधाची तळपायाची आग मस्तकात गेली. गाऱ्हाणं पुरुषाने घालायचं असतं, हे तिला ठाऊक होतं. खड्ड्यात गेली ती रीत!

"बा जागेवाल्या म्हाराजा!" ती कडाडली. "पंधरा वर्सां ह्या कचऱ्याचो धूर आमी खाल्लो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" भिंतीपलीकडून अख्खी मालवणी चाळ गरजली.

"आता बाग झाली तर आमकाच भायेर ठेवल्यानी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ज्यांनी वाट बुजवल्यानी तेंका बुद्धी दी, आणि ह्या भिंतीक दार पडांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या खेपेला एक आवाज भिंतीच्या अलीकडूनही आला. श्यामकांत साहेबांचा. हात जोडलेले, डोळे मिटलेले. लहानपणापासून हाडात मुरलेलं ते, सफारीखाली किती दिवस दडणार?

साहेबांनी डोळे उघडले, तर सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

"ते... सवयीने निघालं तोंडातून," ते पुटपुटले.

"जागेवाल्याक सवयीन दिलेलो सबूद पण पोचता, सायबानू," सुगंधा म्हणाली. तिने नारळ उचलला, बुजवलेल्या फाटकापाशी गेली आणि त्या विटांवरच फोडला.

"गुणाजी, बायकोला आवर! नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नकोस!" साहेब ओरडले.

गुणाजी वळला. अवजारांच्या खोलीत गेला आणि पहार घेऊन आला.

"उद्याचा उद्या बघू, सायब. आज तर कामार आसंय ना?"

त्याने पहिला घाव घातला. सुगंधाला हसू आलं, खोकलाही आला. दुसऱ्या घावासाठी गुणाजीने पहार उचलली, तोच भिंतीच्या पलीकडूनही घाव वाजला.