पाचवं बोअर

रोटियाने पातळी मोजायची दुर्बीण पुन्हा पायाजवळच्या पट्टीवर रोखली, आणि आकडा वहीत लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं. डिझेलच्या नव्या टाकीत चाचणीसाठी खाडीचं पाणी भरून दोनच दिवस झाले होते. तीन बाजूंनी पाया नऊ मिलिमीटर खचला होता; तेवढं तिने आराखड्यात धरलंच होतं. खाडीकडची बाजू मात्र त्रेसष्ट. पुढे डिझेल भरल्यावर तळ फाटला असता, तर बेटावरच्या सगळ्या विहिरी नासल्या असत्या.

तिचा पारा चढला. जमीन तपासायला पाच बोअर घ्यायची ठरली होती, आणि ती घेणारा मुकादम बिरिमाका समोरच उभा होता. आजूबाजूच्या मजुरांचं तिला भान राहिलं नाही.

"खाडीकडचं पाचवं बोअर कुठे घेतलंस?"

"चार मीटर आत."

"का?"

बिरिमाका हातातली टोपी फिरवत राहिला. कामचोर, खोटारडा, तोंडाला येईल ते तिने त्याला ऐकवलं. उद्याच्या विमानाने तारावा बेटावर परत जा, तुझी नोकरी संपली, असंही सांगितलं. त्याच्या घरी सात खाणारी तोंडं आहेत हे तिला ठाऊक होतं, तरी सांगितलं. तो फाटकाकडे निघाला.

कुंपणाबाहेर तिचा मामा तेबाऊ चटईवर बसून सगळं ऐकत होता. त्याने तिला खुणेने बोलावलं.

"त्याला बोलू नकोस. बोअर आत सरकवायची मीच त्याला गळ घातली होती. तिथे आपला बाबाईचे कंद लावायचा खड्डा होता. खारं पाणी शिरलं, कंद कुजले. मी झावळ्या टाकून बुजवला."

टाकीची जागा ठरवताना रोटियाने सभाघरात सगळ्या गावाला विचारलं होतं, इथे कुणाचा जुना खड्डा होता का? मामा तेव्हा पहिल्या रांगेत होता.

"मामा, तेव्हा दातखीळ बसली होती का?"

"आपला खड्डा मेला, हे चारचौघांत कुणी सांगतं का? सणाला आपण कंद दुसऱ्या बेटावरून आणतो, ते गावाला कळलं असतं. घरी येऊन विचारलं असतंस तर सांगितलं असतं. शिकून एवढंही विसरलीस?"

तिला मामाचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. घराची पत इथे खड्ड्यावरून ठरते; इथलं शेंबडं पोरही दुसऱ्याच्या खड्ड्याविषयी चारचौघांत विचारत नाही. झाकली मूठ झाकलीच ठेवायची, ही बेटाची रीत. बिरिमाकाने तर तिच्याच घराची मूठ झाकली होती, नोकरी जात असतानासुद्धा.

तिने बिरिमाकाला हाक मारली. मग मजुरांनाही जवळ बोलावलं. मामा चटईवरून अर्धवट उठला आणि मानेने नको नको म्हणू लागला.

"तिथे आमचा खड्डा होता," ती म्हणाली. "आमच्या घरचा. मेलेला. कुणाला हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं."

कुणी हसलं नाही.

"आणि तू, बिरिमाका," तिचा आवाज अजून चढलेलाच होता, "कुठेही जायचं नाही. टाकी रिकामी झाली की यंत्र आण. पाचवं बोअर ठरलं होतं तिथेच घ्यायचं."

मामाने चटई गुंडाळली आणि तिच्याकडे न बघता घराकडे चालू लागला.