टेक्ससचा तोंडी करार

ब्लेनने फोन उचलणं बंद केलं, तेव्हा कार्सिन रॅटलिफने आधी त्याचीच बाजू घेतली. विमानात असेल, मीटिंगमध्ये असेल. एवढ्या खेळाडूंचे करार जमवून देणारा माणूस, त्याला काय आपण एकट्याच आहोत? मग टेक्ससच्या ज्या मोठ्या विद्यापीठात ब्लेन तिला जागा मिळवून देणार होता, त्याने आपल्या बास्केटबॉल संघाच्या नव्या पॉइंट गार्डचा, म्हणजे तिच्याच जागेवरच्या खेळाडूचा, फोटो जाहीर केला. फ्रान्सहून आलेली मुलगी होती. जर्सी छातीशी धरून हसत होती. कार्सिनने फोटो दोनदा मोठा करून पाहिला, जणू नीट पाहिलं तर चेहरा बदलेल.

केंटकीच्या डोंगरातल्या त्या लहानशा कॉलेजात ती तीन वर्षं खेळली होती. कॉलेजच्या खेळाडूंना जाहिरातींचे पैसे घेता येऊ लागले, तसा गावानेही तिच्यासाठी खिसा मोकळा केला. होबर्टच्या चिकनच्या दुकानावर तिचा हसरा फोटो लागला. गाड्यांच्या शोरूमवाल्याने एक पिकअप वापरायला दिली. आई डार्ला वृद्धाश्रमात चादरी धुवायची. घरभाड्याला लेकीचा हातभार लागू लागला.

मग ब्लेन भेटला. "इथे तुला कोंबडीवाला पैसे देतो," तो म्हणाला. "तिथे टेक्ससला तेलविहिरीवाले देतील. तुझी आई जन्मभर कमावणार नाही तेवढं एका हंगामात मिळेल. फक्त आधी कॉलेज बदलणाऱ्यांच्या यादीत नाव टाक."

तिच्या कोच ऑसबोर्न बाईंनी तेव्हा एकच प्रश्न विचारला होता. "कागदावर आहे का काही?"

"तोंडी आहे, पण पक्कं आहे."

"नाव टाकलंस की तुझी जागा मला धरून ठेवता येणार नाही, पोरी."

कार्सिन हसली होती. तिने यादीत नाव टाकलं. दुसऱ्याच दिवशी शोरूमचा माणूस येऊन पिकअपची किल्ली घेऊन गेला, तेव्हाही ती हसतच होती.

आता आईला सांगायचंच असं ठरवून ती घरी गेली. डार्ला स्वयंपाकघरात केकचा खोका उघडत होती.

"सोडली एकदाची!" ती म्हणाली. "बायकांनी केक आणला होता. वॉंडा तर रडलीच. म्हणते कशी, टेक्ससला जाऊन मोठी बाई झालीस की ओळख ठेव."

"नोकरी सोडलीस? आई, एवढी घाई कशाला केलीस?"

"घाई कसली? माझी पाठ कधीची पुरे म्हणतेय. आणि तूच म्हणालीस ना, चल माझ्याबरोबर म्हणून? बस, खा. गुलाबाचं फूल आहे तो तुकडा तुझा."

कार्सिनने तो तुकडा खाल्ला. घास गिळताना डोळ्यांत पाणी आलं, तर आईला वाटलं पोरगी आनंदाने रडतेय.

सकाळी ती चालत कॉलेजात गेली. ऑसबोर्न आपल्या खोलीत होत्या.

"कोच, मला परत घ्या. बेंचवर बसेन. अर्धीच शिष्यवृत्ती द्या, वरचे पैसे नकोत. टॉवेल उचलायला सांगा, उचलेन."

"टेक्ससचं फिसकटलं?"

कार्सिनने होकारार्थी मान हलवली.

ऑसबोर्न यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "जागा दिली मी, कार्सिन. ओहायोची मुलगी आहे, ब्रिएल. बापाबरोबर आलीय आज. दुपारी सही करतेय. दिलेला शब्द मी कसा फिरवू?"

"तुम्ही मला शाळेत असल्यापासून ओळखता."

"म्हणून तर विचारलं होतं, कागदावर आहे का म्हणून." त्यांच्या आवाजात राग नव्हता. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती मैदानाच्या बाजूने बाहेर पडायला निघाली. कोर्टवर एक मुलगी एकटीच बास्केटमध्ये चेंडू टाकत होती. गुडघ्याला पट्टा बांधलेला.

"तू कार्सिन ना?" मुलगी धावत आली. "चिकनच्या बोर्डवरची! मी ब्रिएल. एक विचारू? कोच कशा आहेत गं? खरं सांग हं. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून पप्पांना धाकधूक आहे."

गेल्या वर्षी उपांत्य सामन्याच्या आधी कार्सिनचा घोटा सुजला होता. ती पाया पडायची बाकी राहिली होती, तरी ऑसबोर्न यांनी तिला खेळू दिलं नव्हतं. संघ सामना हरला. हे सगळं कार्सिनच्या डोळ्यांपुढे होतं. तिच्या तोंडून मात्र भलतंच निघालं.

"मी का सोडून चाललेय असं वाटतं तुला? दुखत असलं तरी खेळवतात त्या. माझा घोटा एवढा सुजला होता, इंजेक्शन टोचून खेळायला उतरवलं मला. तुझा गुडघा तू बघ बाई."

किती सहज जमलं, याची तिलाच भीती वाटली. ब्रिएलने चेंडू पोटाशी घट्ट धरला.

"थँक्यू," ती हळूच म्हणाली. "दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं."

दुपारी ऑसबोर्न यांची गाडी कार्सिनच्या दारासमोर थांबली. कार्सिन पायऱ्यांवरच बसली होती. ती आशेने उठून उभी राहिली.

"ब्रिएल परत गेली," ऑसबोर्न म्हणाल्या. "सही न करता."

"मग जागा..."

शब्द निसटला आणि तिने ओठ चावला. ऑसबोर्न पायऱ्यांपाशी आल्या.

"तिच्या बापाने सगळ्यांदेखत मला विचारलं, घोटा सुजलेल्या पोरीसारखं माझ्या मुलीलाही इंजेक्शन टोचून पळवणार का? घोट्याची गोष्ट कुणाची, हे मला विचारावं लागलं नाही. त्या सामन्याला तुला बसवलं म्हणून लोकांनी मला काय काय ऐकवलं, ठाऊक आहे तुला."

डार्ला हात पुसत दारात आली. "काय झालं? कसली जागा? कार्सिन, आपण टेक्ससला जातोय ना?"

कार्सिनने मान खाली घातली. ऐकलं तेवढ्यावरून डार्लाला सगळं कळलं.

"कोच, मी पाया पडते," कार्सिन म्हणाली. "आईने नोकरी सोडलीय. मला दुसरं काहीच सुचलं नाही हो."

"जागा रिकामी आहे," ऑसबोर्न म्हणाल्या. "ब्रिएल आली नाही तर रिकामीच राहील. तुला नाही देणार. बाकीच्या पोरींना मी कोणत्या तोंडाने सांगू, की जागा अशी मिळवायची असते?"

"त्या मुलीला फोन लाव," डार्ला म्हणाली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "आत्ता. माझ्यासमोर."

ऑसबोर्न यांनी नंबर लावून दिला. फोन बापाने उचलला. कार्सिनने सांगितलं, की इंजेक्शनची गोष्ट खोटी होती, कोचनी उलट तिला बसवून ठेवलं होतं.

"मग असं का बोललीस?"

"मला तिची जागा हवी होती."

"पोरगी रस्ताभर रडतेय माझी," बाप म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात ब्रिएल परत आली आणि तिने सही केली. डार्ला वृद्धाश्रमात गेली, तर तिच्या जागी दुसरी बाई लागली होती. बदली कामगार म्हणून कधी बोलावतील तेव्हा यायचं, एवढंच कबूल झालं. कार्सिनने दिसेल त्या कॉलेजला फोन केले. कुणी म्हणालं उशीर झाला, कुणी म्हणालं कळवतो. एका कोचने ऑसबोर्न यांची शिफारस मागितली, तेव्हा तिनेच फोन ठेवला.

ऑगस्टमध्ये लेक्सिंग्टनच्या बाहेर पार्सलच्या गोदामात तिला काम मिळालं. उंची बघून मुकादमाने तिला वरच्या फळ्यांवर लावलं. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या बाईने विचारलं, "एवढी उंच आहेस, बास्केटबॉल नाही का खेळलीस कधी?"

"खेळायचे," कार्सिन म्हणाली.

"मग सोडलंस का गं?"

कार्सिनने डबा उघडला, पुन्हा बंद केला. बाई उत्तराची वाट बघत होती. कामाची घंटा व्हायला अजून बराच वेळ होता.