अक्कानं अडवलेला निरोप

२००८ च्या दिवाळीला पवित्रा बेंगळुरूहून कोल्हापूरला आली आणि आप्पांचे पाय जमिनीवर ठरेनात. "धाकटी मेंदूवर संशोधन करतीया," येईल त्याला सांगत सुटले. थोरली सौंदर्या आत चहा गाळत होती. बी.एस्सी.ला तीही पहिली आली होती, पण तेव्हा घरच्यांना तिचं लग्न उरकायचं होतं.

शेजारच्या धोंडुबाईंनी विचारलं, "करतीस तरी काय गं तिथं?"

"पेशीत प्रथिन बनवायचा निरोप निघतोय मावशी," पवित्रा म्हणाली. "मायक्रोआरएनए म्हणून एक एवढंसं असतंय, ते निरोप वाटेतच धरून बसतंय. मग प्रथिन बनत न्हाय. मन खचल्यावर मेंदूतली ही धरपकड बिघडती का, ते उंदरांत बघतोय आम्ही. अजून नक्की कुणाला ठाऊक न्हाय."

"आनि ह्योच इषय कसा घेतलास?"

"अक्कामुळं. सासरहून परत आल्यावर वर्षभर बोलली न्हवती की ती."

चहा घेऊन बाहेर आलेल्या सौंदर्यानं ते ऐकलं. ते वर्ष तिनं अंथरुणात भिंतीकडं तोंड करून काढलं होतं. दुखणं थोरलीनं सोसायचं आणि नाव धाकटीनं मिळवायचं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी पवित्रा आईला, म्हणजे अव्वाला, घेऊन अंबाबाईच्या देवळात गेली. तिचा मोबाइल लागेना म्हणून तिच्या संशोधनाच्या मॅडमनी घरच्या नंबरवर फोन केला. जर्मनीला जायला तिची निवड झाली होती, पण संध्याकाळी पाचच्या आत होकार हवा होता. नाहीतर जागा दुसरीला जाणार होती. "सांगते," सौंदर्या म्हणाली.

"अक्का, फोन आलता का कुणाचा?" पवित्रानं आल्या आल्या विचारलं.

"न्हाय."

हा शब्द तोंडातून इतका सहज निघाला की सौंदर्याला स्वतःचीच भीती वाटली. साडेचार वाजले. तरी जीभ उचलेना.

पावणेपाचला मॅडमचा फोन पुन्हा आला, या वेळी मोबाइलवर. पवित्रानं होकार दिला. मग पलीकडचं ऐकून म्हणाली, "दुपारी? घरी?" आणि तिनं अक्काकडं पाहिलं.

"दुपारी केलता व्हय फोन?" आप्पांनी विचारलं. "घेतला कुणी?"

"चुकीच्या नंबरला लागला असंल, आप्पा."

एवढं बोलून पवित्रा वाकली आणि आप्पांच्या आधी अक्काच्या पाया पडली. सौंदर्याला सगळं कबूल करावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी पोटातली आग दुप्पट झाली. शिक्षण धाकटीचं, नाव धाकटीचं. आता थोरलेपणही तिनंच घेतलं होतं.