मिटल्या मुठीनं

आजीनं दारांना गोल हँडल निवडलं ते हौसेनं नव्हे, भीतीनं.

मिस्त्री बिचारा भला माणूस. नमुन्यांची फळी पुढं करून त्यानं सरळ सांगितलं होतं, "बोटं न लावता, मूठ मिटून उघडेल ते हँडल घ्या, आजी. दांडीचं असलं तर कोपरानंसुद्धा दार उघडतं." लेक तिथंच उभी होती. आजीची बोटं हिवाळ्यापासून आखडली होती, पण लेकीला कळलं असतं तर तिनं नातीला पाळणाघरात घातलं असतं. म्हणून आजी हसली. "मूठ मिटून? मला काय दाराशी कुस्ती खेळायचीय? गोलच बसवा." आणि सकाळच्या गोळीच्या जोरावर तिनं ते फिरवूनही दाखवलं. म्हातारीची खोड, दुसरं काय, असंच दोघांना वाटलं.

आज दुपारी नात झोपली होती. गॅसवर दूध ठेवून आजी हात धुवायला बाथरूममध्ये शिरली आणि वाऱ्यानं दार धाडकन लागलं.

हँडल हातात येईना. ओल्या बोटांतून ते नुसतं सटकत होतं. तिनं टॉवेल गुंडाळला, दोन्ही मनगटांत धरून पिळलं. कळ थेट खांद्यापर्यंत गेली, पण दार ढिम्म हललं नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरात चर्रर्र आवाज झाला, करपल्याचा वास आला. मग करपल्याचा वास मागं पडला आणि दुसराच वास येऊ लागला. दूध उतू जाऊन ज्योत विझली होती, आणि गॅस चालूच होता.



"आजी?" दाराबाहेरून नातीचा झोपाळलेला आवाज आला. "आजी, दार."

"सोन्या, कशाला हात लावू नको हं! दिव्याचं बटण दाबायचं नाही! आजीशी बोलत बस."

 इवली पावलं स्वयंपाकघराकडं गेली.

तेव्हा आजी ओरडली. खालच्या शिंपीणबाईंकडं घराची जादा किल्ली होती. खिडकीच्या फटीला तोंड लावून आजी त्यांच्या नावानं अशी किंचाळली, की लाजबीज सगळी वाऱ्यावर गेली. धावत जिना चढल्याचा आवाज आला, कुलूप उघडलं, गॅसचं बटण बंद झालं, खिडक्या फटाफट उघडल्या आणि मग बाथरूमचं दारही.

"माझ्या तोंडून अवाक्षर निघायचं नाही," जाताना शिंपीणबाई म्हणाल्या.

संध्याकाळी लेक आली. "कसा गेला दिवस?"

'छान' हा शब्द अगदी ओठांवर होता. आजीनं तो गिळला आणि हात पुढं केले.

"मूठ मिटून उघडायचं म्हणाला होता ना मिस्त्री? मला मूठच मिटता येत नाही गं." आणि तिनं सगळं सांगितलं, त्या दिवशीच्या गोळीपासून आजच्या किंकाळीपर्यंत.

लेक पांढरीफटक पडली. तिनं पोरीला छातीशी घट्ट धरलं. मग म्हणाली, "उद्यापासून पाळणाघर, आई."

"घाल बाई. मीच म्हणते, घाल."

लेक दाराशी गेली, थांबली, परत आली. आईची बोटं तिनं हातात घेतली आणि दुखणार नाहीत अशा बेतानं धरली.

"पोर पुन्हा तुझ्याकडं ठेवायची, तर आधी दांडीची हँडलं बसवू. मग घरातलं एकूण एक दार तू मला उघडून दाखवायचंस. या हातांनी. आणि गोळी न घेता."