ग्रंथात नसलेले वचन

देव नाही, हे प्राध्यापकांनी विशीतच ठरवून टाकले होते आणि पुढचे आयुष्य देव मानणाऱ्यांना हसण्यात घालवले होते. महाविद्यालयात ते तर्कशास्त्र शिकवीत. निवृत्तीनंतर वर्ग सुटला, पण खोड सुटली नाही. किराणा दुकानात, दवाखान्याच्या रांगेत, एखाद्याच्या मयतीलासुद्धा समोरच्याच्या श्रद्धेतली चूक दाखवून दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांना लांबून पाहिले की लोक रस्ता ओलांडून पलीकडे जात. तो आपल्या युक्तिवादाचा विजय आहे, असे प्राध्यापक समजत.

अशा माणसाला रोज दुपारी थोरल्या बहिणीला धर्मग्रंथ वाचून दाखवावा लागे.

ताईची नजर काचबिंदूने गेली होती. उभा जन्म तिने शाळांचे गणवेश शिवले होते आणि त्या शिलाईवर धाकट्या भावाला शिकवले होते. भाऊ शिकला आणि देव नाकारू लागला, तेव्हा ‘एवढ्या विजारी फुकट शिवल्या’ इतकेच ती म्हणाली होती. आता ती मशीनजवळच्या स्टुलावर बसून बोटांच्या अंदाजाने काठ दुमडीत असे आणि भाऊ वाचत असे.

“‘आणि त्याने पर्वताला सांगितले, चाल.’ चालला म्हणे! ताई, पर्वताला पाय कुठून आले?”

“तू वाच. पाय माझे मी लावीन.”

तिच्या पंथात ग्रंथ वाचायचा नसे, ऐकायचा असे. प्रत्येक घरी एक प्रत फळीवर कापडात गुंडाळलेली असे आणि वर्षानुवर्षे तशीच राही. दर आठवड्याला सभागृहात उपदेशक त्यातल्या दोन ओळी म्हणत आणि तासभर त्यांचा अर्थ सांगत. त्या दोन ओळींपलीकडचा ग्रंथ त्या साऱ्या वस्तीत एकाच माणसाने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला होता. ते होते प्राध्यापक. त्यांनी तो चुका काढण्यासाठी हातात लाल पेन्सिल घेऊन वाचला होता. शत्रूइतके मन लावून वाचणारा वाचक त्या ग्रंथाला दुसरा मिळाला नव्हता.

ताईची मुलगी परिचारिका होती. नवऱ्याचा हात वारंवार उठू लागल्यावर तिने त्याचे घर सोडले आणि ती रुग्णालयाच्या वसतिगृहात राहू लागली. ताईला सगळे ठाऊक होते. पण ग्रंथात म्हटले होते : ‘पतीचे घर सोडणाऱ्या स्त्रीसाठी पित्याच्या घराचे दार भिंत होवो.’ उपदेशकांनी नेमकी हीच ओळ घेऊन ताईच्या खुर्चीकडे पाहत तासभर निरूपण केले होते. ताईला त्यांचे पाहणे दिसले नाही, परंतु तिच्या वतीने साऱ्या सभागृहाने ते पाहून घेतले.

तेव्हापासून मुलगी रविवारी आईच्या डोळ्यांत घालायचे थेंब घेऊन येई, जिन्यातच उभी राही आणि बाटली मामाच्या हाती देई. आत ताई दाराकडे तोंड करून बसलेली असे. एक शब्द बोलत नसे. पावले जिना उतरून गेली की चिंध्यांच्या पिशवीतला एक तुकडा काढून डोळे पुसत असे.

“पोटची पोर जिन्यात उभी, आणि तू ग्रंथाचं ऐकतेस?” प्राध्यापक संतापत.

“त्याच्यापुढे मी कोण रे?”

त्यांनी तर्कशास्त्रातली होती नव्हती ती सगळी हत्यारे चालवून पाहिली. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एका रविवारी भाची जिन्यातच म्हणाली, “मामा, वसतिगृह पाडतायत. लांबच्या रुग्णालयात जागा देतायत मला. आई घेणार नसेल तर मी जाते. पण एकदा गेले की परत यायची नाही, हे तिला सांगा.”

प्राध्यापकांनी ते ताईला सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्रंथ उघडला. सातव्या अध्यायात पेरणी आणि धान्य साठवण यांविषयी रटाळ उपदेश चालला होता. तो वाचता वाचता, आवाज जराही न बदलता, ते म्हणाले :

“‘जो आपल्या लेकराला उंबऱ्यावर उभे ठेवून माझी प्रार्थना करतो, त्याची प्रार्थना मीही उंबऱ्यावरच उभी ठेवतो.’”

काठावरची बोटे थांबली.

“परत वाच.”

त्यांनी परत वाचले. पाठ झालेले होतेच, कारण त्याच सकाळी आंघोळ करताना त्यांनीच ते रचले होते.

“हे कधी ऐकलं नव्हतं,” ताई म्हणाली.

“तुझा उपदेशक तुला सगळं थोडंच ऐकवतो!” प्राध्यापक म्हणाले. त्या दुपारचे त्यांचे हे एकमेव खरे वाक्य होते.

पुढच्या रविवारी जिन्यात पावले वाजली, तशी ताई स्टुलावरून उठली. “आत ये,” ती म्हणाली, “आणि चपला बाजूला काढ, माझा पाय अडखळतो.” दोघींमधले एवढेच बोलणे. मुलीने आपली पिशवी मशीनखाली सरकवली आणि ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासू लागली. घासलेलीच भांडी तिने पुन्हा घासली.

“आईला एकाएकी झालं काय?” तिने मामाला विचारले. प्राध्यापकांनी मोठ्या अभिमानाने सांगून टाकले.

भाचीने हातातले पातेले खाली ठेवले. “म्हणजे मी या घरात खोट्या वचनावर राहणार?”

“सगळीच वचनं खोटी असतात. हे निदान ताजं आहे.”

“हसू नका, मामा. तिला कळलं तर मला काढेलच, आणि तुमचंही पुन्हा कधी ऐकणार नाही. कुणापाशी बोलू नका. जमेल का गप्प बसायला?”

“तत्त्वतः अशक्य नाही,” प्राध्यापक म्हणाले.

मुलगी घरात आल्याची बातमी पसरायला वेळ लागला नाही. दोन वडीलधाऱ्यांना घेऊन उपदेशक घरी आले. तोंडापुढे सतत माइक असल्यासारखे बोलण्याची त्यांना सवय होती. एवढ्याशा खोलीत त्यांचा आवाज मशीनच्या चाकापर्यंत घुमला.

“बाई, आम्ही ऐकलं ते खरं? ग्रंथाची आज्ञा मोडलीत?”

“ग्रंथाचीच आज्ञा पाळली, गुरुजी,” ताई म्हणाली आणि तिने ते वचन अडखळल्याशिवाय म्हणून दाखवले. “सातवा अध्याय. भावानं वाचून दाखवलं.”

प्राध्यापक उपदेशकांचा चेहरा टक लावून पाहत होते. न येणाऱ्या प्रश्नाला विद्यार्थी कसा मान डोलावतो, हे त्यांनी जन्मभर पाहिले होते. आता त्यांना ते पुन्हा पाहायला मिळाले. उपदेशकांनी डोळे मिटले, एक दीर्घ श्वास घेतला आणि ते म्हणाले, “सातवा अध्याय. हो. फार गूढ वचन आहे ते. सामान्यांना आम्ही ते एकदम सांगत नाही. पण येत्या सभेत त्यावरच बोलू.” दोन्ही वडीलधाऱ्यांनी, आपण सामान्य नाही हे दाखवण्यासाठी, घाईघाईने माना हलवल्या. प्राध्यापकांना रुमाल तोंडात कोंबून खोकला आणावा लागला.

हे पोटात ठेवणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. त्याच संध्याकाळी त्यांनी ते दंतवैद्याला सांगितले. देव न मानणारा वस्तीतला दुसरा माणूस म्हणजे हा निवृत्त दंतवैद्य. सभागृहासमोरच्या चहाच्या दुकानात दोघे रोज बसत आणि आत जाणाऱ्यांची टवाळी करीत.

दंतवैद्याने टेबलावर थाप मारली. “अरे, इतक्या वर्षांत असा दात हाती लागला नव्हता! पुढच्या सभेत तो उपदेशक या वचनावरच बोलणार आहे. तू उभा राहा आणि भर सभेत विचार : पान कुठलं? मुळासकट उपटू.”

“भाचीचं काय?”

“सत्याला भाची नसते,” दंतवैद्य म्हणाला. वाक्य चांगले होते, त्यामुळे प्राध्यापकांना ते पटले. सत्य ते सत्य, भाचीला कुठेही खोली मिळेल, ताईची समजूत पुढेमागे पडेल, असे मुद्दे त्यांनी ओळीने मांडून स्वतःलाच जिंकून घेतले. स्वतःशी वाद घालताना ते नेहमीच जिंकत.

सभेच्या दिवशी ते काखेत ग्रंथ मारून निघाले. भाचीने तो पाहिला.

“हे कशाला?”

“संदर्भाला.”

सभागृहात ती शेवटच्या रांगेत त्यांच्या शेजारीच बसली आणि सुई निसटू नये म्हणून रुग्णाचा हात धरावा तसा तिने त्यांचा दंड धरून ठेवला. ताई पुढच्या रांगेत होती. दंतवैद्य दारात उभा होता. मित्राचा पराक्रम पाहण्यासाठी त्याने जन्मात प्रथमच त्या इमारतीत पाऊल टाकले होते.

उपदेशकांनी बहार उडवली. उंबऱ्याचे सात अर्थ सांगितले. बाया रडल्या, पुरुषांनी नाके शिंकरली. मग मधल्या रांगेतून औषधविक्रेता उठला. लेकाने परपंथातली बायको केली म्हणून त्याने त्याचे नाव टाकले होते.

“गुरुजी, मी घरी कापड सोडून अख्खा सातवा अध्याय चाळला. त्यात पेरणी आहे, कोठार आहे, उंदीर आहेत. हे वचन नाही.”

उपदेशकांचे हसू ओठांवर तसेच राहिले, पण खालून कोणीतरी त्याचा आधार काढून घेतल्यासारखे दिसू लागले. त्यांची नजर भिरभिरली आणि शेवटच्या रांगेवर येऊन थांबली.

“आमचे प्राध्यापक इथे आहेत! ज्यांनी आयुष्यभर देव नाकारला, त्यांनाच देवाने हे वचन दाखवलं. तेच वाचून दाखवतील. यावं, प्राध्यापक.”

दारातून दंतवैद्याने अंगठा वर केला. भाचीने दंड सोडला. धरून ठेवण्यात आता अर्थ नव्हता.

प्राध्यापक व्यासपीठावर गेले आणि त्यांनी ग्रंथ उघडला. समोर उंदरांपासून धान्य कसे वाचवावे ते होते. एक ‘नाही’ उच्चारले असते तर साऱ्या आयुष्याचा हिशेब चुकता झाला असता : उपदेशक उघडे पडले असते, ग्रंथ हास्यास्पद ठरला असता, आणि समोरची ही सारी मंडळी निदान एका दिवसापुरती शहाणी झाली असती. पुढच्या रांगेत ताईने मान किंचित तिरकी करून कान माइककडे केला होता. तिचे हात मांडीवर होते आणि बोटांना दुमडायला काठ नसल्यामुळे ती पदराचीच कड दुमडीत होती.

प्राध्यापकांनी वर्गातल्या खणखणीत आवाजात ते वचन वाचले.

“माझ्या प्रतीत नाही!” औषधविक्रेता ओरडला.

“पाठभेद आहे,” प्राध्यापक म्हणाले. “जुन्या प्रतींत सापडतं. तुमची प्रत नंतरची.”

पाठभेद म्हणजे काय हे कोणालाच माहीत नव्हते. त्यामुळे सगळ्यांचे समाधान झाले. औषधविक्रेताही खाली बसला आणि बराच वेळ आपल्या तळहातांकडे पाहत राहिला.

उपदेशक शेजारी येऊन उभे राहिले होते. उघडे पान त्यांना स्पष्ट दिसत होते. त्यांनी पाहिले, उंदीर वाचले आणि माइकमध्ये म्हणाले, “अगदी शब्दशः.” मग प्राध्यापकांना मिठी मारून, एक नास्तिक आज घरी परतला, असे त्यांनी जाहीर केले. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या गोंगाटात ते कानाशी कुजबुजले, “क्षमेवर असं एखादं मिळेल का? पुढच्या सभेला लागेल.”

“बघतो,” प्राध्यापक म्हणाले. आपण हे म्हणालो याचे त्यांना नंतर कित्येक दिवस आश्चर्य वाटत राहिले.

दारात दंतवैद्य थांबला होता. “पाठभेद!” तो म्हणाला. “अरे, त्या ढोंग्याला निदान त्याचा पगार तरी मिळतो.” आणि तो चहाच्या दुकानात शिरला. शिरताना त्याने समोरची रिकामी खुर्ची भिंतीला लावून ठेवली.

रस्त्यावर एरवी पलीकडे जाणारे लोक आज मुद्दाम अलीकडे येऊन प्राध्यापकांचे हात हातात घेत होते. एका म्हाताऱ्याने तर गळ्यात पडून, आता कसे हलके वाटत असेल, असे विचारले. भाची त्यांच्यासाठी गर्दीतून वाट काढीत पुढे चालली होती. ताई भावाचा हात धरून मागून येत होती.

“लोक म्हणतायत, तू देव मानायला लागलास,” ती म्हणाली.

“म्हणू देत.”

“मानतोस?”

“नाही.”

“बरं,” ती म्हणाली, “पण हळू बोल. मागून माणसं येतायत.”