सेनोतेतली माझी उडी

कुणाचाही विश्वास बसणार नाही, पण मेक्सिकोला जाऊन तिथल्या पिरॅमिडला गुजराती बोलायला लावणारा बडोद्याचा पहिला माणूस मी.

माझी नात मोहना त्या दिवशी दुपारपासून तोंड पाडून बसली होती. दुसऱ्या दिवशी तिला स्विमिंग पूलच्या खोल बाजूला उडी मारायची होती. नाही मारली, तर सर पुन्हा छोट्यांच्या बॅचमध्ये पाठवणार होते.

"आबा, तुम्ही मारलीय का कधी?"

आता नाही कसं म्हणणार?

"मेक्सिकोत मारली की! ऐक. आमचा गाईड रामोन, अस्सल माया माणूस. सकाळी निघताना तुझ्या आजीनं माझा पासपोर्ट बनियनच्या चोरखिशात घातला आणि वरून टाके मारले. म्हणाली, रात्री हॉटेलवर उसवीन, तोवर बनियन काढायचं नाही. घरात माझी किंमत तेवढीच, पासपोर्टची पिशवी!"

"तोच पासपोर्ट ना, ज्यातला शिक्का तुम्ही दूधवाल्यालासुद्धा दाखवलात?"

"तोच. मग पिरॅमिड. रामोन म्हणाला, समोर टाळी वाजवा, तो पाखरासारखा ओरडतो. मी कमाटीबागेतल्या हास्यक्लबची टाळी दिली आणि विचारलं, केम छो? वरून उत्तर आलं, मजामां!"

मोहना खुदकन हसली. मला जोर चढला.

"जेवायला केळीच्या पानात गुंडाळून खड्ड्यात भाजलेलं मांस. दिसायला थेट आपली पानगी! आम्हाला मक्याच्या पोळ्या आणि भोपळ्याच्या बियांची चटणी. शेजारी वाटीत मिरचीचा ठेचा. रामोन म्हणाला, जपून. म्हटलं, अरे, आम्ही सेव-उसळीची तरी पिऊन वाढलेली माणसं! चमचाभर खाल्ला. मग मराठीत पाणी मागितलं, गुजरातीत मागितलं, शेवटी नुसतेच हात हलवले. आणि जो पळत सुटलो, तो सेनोतेवर!"

"म्हणजे?"

"जमिनीच्या पोटातली गुहा. आत निळंशार पाणी, वरून झाडांची मुळं लोंबतायत. लोक लाईफ जॅकेट घालून शिडीनं उतरत होते. मी कपडे काढायलाही थांबलो नाही. तीस फुटांवरून धप्पकन! तळाशी जरा टेकलो, मग वर आलो."

स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "अहो, टॉवेलांचं पण सांगा तिला!"

"टॉवेलांचं काही विशेष नाही," मी घाईनं म्हणालो.

"आबा, बनियनसकट उडी मारलीत?"

"बनियनसकट! आजीचा हुकूम म्हणजे हुकूम."

मोहना उठली, कपाटातून पासपोर्ट घेऊन आली आणि शिक्क्याचं पान उघडून तिनं माझ्या नाकासमोर धरलं.

"थाप! साफ थाप! बनियन भिजलं आणि शाई जरासुद्धा फुटली नाही? सगळे पोहत होते आणि तुम्ही वर टॉवेल सांभाळत बसला होतात! उद्या माझाही सांभाळा. उडी मी मारते."