इंदूरचा दौरा

गोपाळराव तिसऱ्यांदा नगरसेवक झाले होते आणि नगर परिषदेचा एकही अभ्यासदौरा त्यांनी आजवर चुकवला नव्हता. यंदा इंदूर ठरलं होतं. कागदावर स्वच्छता बघायची होती. गोपाळरावांच्या मनात मात्र नात होती, कारण त्यांची लेक प्रेमलता इंदूरलाच दिलेली.

पण नागपूरपासून तासाभरावरच्या त्यांच्या गावात अध्यक्षा म्हणून पायल निवडून आल्या आणि जानेवारीच्या सभेतच त्यांनी सांगून टाकलं, "अर्थसंकल्प फेब्रुवारी संपायच्या आत मंजूर करायचा. तो होत नाही, तोवर कोणाचाच सरकारी दौरा निघणार नाही. माझाही नाही."

पायल तिशीतल्या. बौद्ध वस्तीत वाढलेल्या, नागपुरात शिकून परत आलेल्या. मागच्या वर्षी अर्थसंकल्पाला मे उजाडला होता, बोअरवेलची कामं अडली होती आणि भर उन्हात बाया टँकरमागे धावल्या होत्या. त्यांत पायलची आईही होती.

विरोधी गटाचा नेता मुकुंद हसला. अध्यक्षांना दिल्लीला महिला नगराध्यक्षांच्या परिषदेत बोलायचं निमंत्रण आलंय, हे त्याला ठाऊक होतं. "अर्थसंकल्पाची सभा होऊच द्यायची नाही," तो आपल्याच गटातल्या गोपाळरावांना म्हणाला. "दिल्लीची तारीख आली की बाई जाईनच. मग कायचा नियम न् कायचं काय."

गोपाळरावांना ते पटलं. ठरल्याप्रमाणे ते आणि त्यांचा गट सभेला गेलाच नाही. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली.

दोन-तीन दिवसांनी गोपाळराव नागपूरला निघाले. गाडी दुरुस्तीला दिलेली, म्हणून एसटीत चढले, तर खिडकीशी पायल बसलेल्या. मांडीवर फायली. शेजारची जागा रिकामी होती. टाळणं बरं दिसलं नसतं.

"अध्यक्षबाई, तुम्ही एसटीनं? नगर परिषदेची गाडी आहे ना."

"मी कलेक्टर ऑफिसले जाऊन राहिली काका. तोही दौराच झाला."

गोपाळरावांनी तिकीट काढलं. मग राहवेना. "दिल्लीचं काय झालं?"

"येत नाही म्हणून कळवलं."

"काहून? एवढा मान मिळाला होता."

"वाईट वाटलं मले. विमानात बसली नाही मी अजून. आईनं साडी घेऊन ठेवली होती." त्या फायली सारख्या करत होत्या. "पण मी गेली असती, तर तुम्हाले कोणत्या तोंडानं थांबा म्हटलं असतं?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. सभा कोणी पाडली हे त्यांना माहीत असणारच, पण तो विषय त्यांनी काढलाच नाही. उलट एक फाईल उघडून त्या म्हणाल्या, "तुमच्या वॉर्डातल्या दोन्ही बोअरवेल अर्थसंकल्पात धरल्या आहेत. एकदा पाहून घ्या, काही राहिलं असंन तर सांगा."

गोपाळरावांनी पाहिलं. काही राहिलं नव्हतं. इतक्या वर्षांत अनेक अध्यक्ष त्यांनी पाहिले होते. विरोध केला की वॉर्डातली कामं सगळ्यात आधी कापली जायची, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. त्यांनी स्वतः सत्तेत असताना तेच केलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी मुकुंदला फोन लावला. "सभेले मी जाऊन राहिलो. तूही ये."

"तुम्हाले काय झालं आता?"

"बाई नियम मोडणार नाही, मुकुंद. आणि आता तिनं मोडू नये असं मलेच वाटते."

सभा झाली. मुकुंद आला आणि चांगला कडाडून भांडला. बाजारातल्या भाजीवाल्यांना शेड का नाही, हा त्याचा मुद्दा पायलनी नीट ऐकला आणि मान्य केला. फेब्रुवारी संपायच्या आत, गावाच्या आठवणीत पहिल्यांदाच, अर्थसंकल्प वेळेवर मंजूर झाला.

एप्रिलमध्ये इंदूरची बस निघाली. बोअरवेलची कामं सुरू झाली म्हणून पायल गावातच थांबल्या. दिल्लीचं बोलावणं काही पुन्हा आलं नाही.

इंदूरला प्रेमलता मुलीला घेऊन भेटायला आली. गोपाळराव नातीला कडेवर घेऊन बराच वेळ एसटीतला तो प्रवास सांगत राहिले.

"बाबा, तुम्ही त्यांच्या विरोधात आहात ना?" प्रेमलतानं विचारलं.

"आहोच," गोपाळराव म्हणाले, आणि पुढचं सांगू लागले.